नऊ नोव्हेंबरचा पिच्छा

रोज सकाळी पेपरातलं ‘दिनविशेष’ वाचणाऱ्यांना ठाऊक असतं की कुठल्याही तारखेला काही ना काही घडलेलंच असतं. कुणी जन्मलेलं, कुणी गेलेलं, कुठे तह झालेला, कुठे पूल खुला झालेला. वर्षाचे दिवस ३६५ आणि इतिहास हजारो वर्षांचा, म्हणजे एकेका तारखेवर गर्दी होणारच. तेव्हा दोन मोठ्या घटना एकाच दिवशी आल्या म्हणून डोळे विस्फारायचं काही कारण नाही.

जर्मनीच्या ९ नोव्हेंबरची गोष्ट मात्र थोडी निराळी आहे. १९१८मध्ये या दिवशी तिथली राजेशाही गेली, १९२३मध्ये हिटलरचा पहिला उठाव फसला, १९३८मध्ये ज्यूंची प्रार्थनास्थळं पेटवली गेली आणि १९८९मध्ये बर्लिनची भिंत उघडली. जर्मन माणूस याला नियतीचा दिवस म्हणतो. मला वाटतं, नियतीला इतकं कामाला लावायची गरज नाही. चारही घटना जवळून पाहिल्या तर त्यातल्या दोन निव्वळ घोळातून झाल्या, एकीचा मुहूर्त दुसऱ्याच्या सभेने ठरवला आणि उरलेल्या एकीत तारखेचाच हात होता.

आधी घोळ पाहू. नोव्हेंबर १९१८मध्ये जर्मनी महायुद्ध हरत आली होती. कील बंदरातल्या खलाशांनी बंड केलं होतं आणि ते शहराशहरांत पसरत होतं. कैसर दुसरा विल्हेल्म बेल्जियममधल्या स्पा या गावी लष्करी मुख्यालयात बसून होता. राजीनामा द्यायचा की नाही, निदान प्रशियाचं राजेपद तरी राखता येईल का, हा त्याचा विचार संपेना. बर्लिनमध्ये कामगार रस्त्यावर उतरले, तसा चॅन्सेलर माक्स फॉन बाडेन याचा धीर सुटला. ९ तारखेच्या दुपारी त्याने कैसरने पदत्याग केल्याचं परस्पर जाहीर करून टाकलं. कैसरला ते नंतर कळलं. माक्सने आपलं पद समाजवादी नेता फ्रीडरिश एबर्टच्या हाती दिलं.

दोनच्या सुमारास एबर्टचा सहकारी फिलिप शायडेमान संसदेच्या उपाहारगृहात सूप पीत बसला होता. बाहेर गर्दी जमली होती. डावा नेता कार्ल लिबक्नेख्त सोव्हिएत धर्तीचं प्रजासत्ताक जाहीर करणार अशी खबर आली. शायडेमान सूप टाकून उठला, खिडकीत गेला आणि कुणालाही न विचारता जर्मन प्रजासत्ताक जाहीर करून परत आला. एबर्ट त्याच्यावर भयंकर भडकला. राज्य कोणत्या स्वरूपाचं हवं ते निवडून आलेली घटनासभा ठरवेल, तू कोण ठरवणार, असा त्याचा मुद्दा होता. दोनेक तासांनी लिबक्नेख्तने राजवाड्यापाशी आपलं वेगळं प्रजासत्ताक घोषित केलंच. एका दुपारी दोन प्रजासत्ताकं, आणि ज्याचं सिंहासन गेलं त्याची सही अजून कागदावर नाही. ती सही २८ नोव्हेंबरला झाली, तोवर कैसर हॉलंडमध्ये पोचलेला होता.

या दुपारचा राग जर्मनीतल्या उजव्यांच्या मनातून गेला नाही. आपलं सैन्य हरलं नाही, घरभेद्यांनी पाठीत सुरा खुपसला, असं ते सांगत राहिले आणि त्या नेत्यांना ‘नोव्हेंबरचे गुन्हेगार’ म्हणू लागले. बरोबर पाच वर्षांनी, एका डॉलरला हजारो कोटी मार्क मोजायची वेळ आलेली असताना, हिटलरने म्युनिकच्या ब्युर्गरब्रॉयकेलर या बिअर हॉलमध्ये छताकडे गोळी झाडून क्रांती झाल्याचं जाहीर केलं. ती ८ तारखेची संध्याकाळ होती. बव्हेरियाचा कारभारी गुस्टाव फॉन कार तिथे सभा घेत होता, म्हणून मुहूर्त तो धरला. ९च्या दुपारी मोर्चा फेल्डहेर्नहाले या स्मारकापाशी पोचला, पोलिसांनी गोळीबार केला आणि सगळं काही मिनिटांत आटोपलं. नाझींनी पुढे हुतात्मे ठरवलेले १६ जण आणि ४ पोलीस मेले. हिटलरचा खांदा निखळला. पाच वर्षांची शिक्षा झाली, पण डिसेंबर १९२४मध्ये तो बाहेरही आला.

फसलेला उठाव लोक सहसा विसरू पाहतात. नाझींनी त्याचा सण केला. सत्ता आल्यावर दरवर्षी ८ नोव्हेंबरला त्याच बिअर हॉलमध्ये भाषण आणि ९ला जुन्या वाटेने मिरवणूक. फेल्डहेर्नहालेवर स्मृतिफलक लावून पहारा बसवला आणि समोरून जाणाऱ्या प्रत्येकाने हात उंचावून सलाम करायचा अशी सक्ती झाली. मागच्या बाजूने विस्कार्डी नावाची एक अरुंद गल्ली जाते. ज्यांना सलाम करायचा नव्हता ते तिथून वळसा घालून पुढे निघत. म्युनिककरांनी तिला ‘अंग चोरणाऱ्यांची गल्ली’ असं नाव पाडलं होतं. आज त्या गल्लीच्या फरसबंदीत ब्राँझच्या दगडांची एक नागमोडी रेघ बसवलेली आहे. पाटी नाही, त्यामुळे बरेच प्रवासी न बघताच ती ओलांडून जातात.

१९३८चं पाप या सणाच्या पोटातच जन्मलं. ७ नोव्हेंबरला पॅरिसमध्ये हेर्शेल ग्रिन्श्पान या १७ वर्षांच्या ज्यू मुलाने एर्न्स्ट फॉम राट या जर्मन राजनैतिक अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या. मुलाच्या आईवडिलांना नुकतंच जर्मनीतून हाकलून पोलंडच्या सीमेवर सोडलेलं होतं. फॉम राट ९ तारखेला दुपारी मेला. त्या संध्याकाळी पक्षाचे झाडून सगळे पुढारी वर्धापनदिनाच्या जेवणासाठी म्युनिकच्या जुन्या टाऊन हॉलमध्ये जमले होते. हिटलर निघून गेला, गोबेल्सने चिथावणीचं भाषण केलं आणि पुढाऱ्यांनी तिथल्या तिथे आपापल्या गावी फोन लावले. एरवी इतक्या माणसांना गाठायला वेळ लागला असता. त्या रात्री सगळी एका छपराखाली होती, कारण तारीख ९ नोव्हेंबर होती.

पुढचे आकडे अंगावर येतात. १४०० हून अधिक प्रार्थनास्थळं जाळली किंवा मोडली गेली, सुमारे ७५०० दुकानं फोडली गेली, जवळपास ३०,००० ज्यू पुरुषांना छळछावण्यांत नेलं. बंबवाल्यांना हुकूम होता की आग शेजारच्या इमारतींना लागू नये एवढंच पाहायचं. वर ज्यू समाजालाच १०० कोटी मार्कांचा दंड. बर्लिनच्या ओरानियनबुर्गर रस्त्यावरचं मोठं प्रार्थनास्थळ त्या रात्री वाचलं. विल्हेल्म क्रुट्सफेल्ड नावाच्या पोलीस अधिकाऱ्याने ती संरक्षित वास्तू असल्याचा कायदा दाखवून जाळपोळ करणाऱ्यांना हुसकावलं आणि बंब बोलावला.

ठरलेली तारीख शत्रूलाही उपयोगी पडते, हे पुढच्याच वर्षी दिसलं. गेऑर्ग एल्झर या सुताराने हेरलं की हिटलर वर्षातल्या या एका संध्याकाळी नक्की कुठे असेल. तीसहून जास्त रात्री तो त्या बिअर हॉलमध्ये लपून राहिला आणि व्यासपीठामागचा खांब पोखरून त्यात वेळ लावलेला बॉम्ब बसवला. ८ नोव्हेंबर १९३९ला बॉम्ब ठरल्या मिनिटाला फुटला. धुक्यामुळे विमान रद्द करून रेल्वे गाठायची होती, म्हणून हिटलर १३ मिनिटं आधी निघून गेला होता. आठ जण मेले. एल्झरला एप्रिल १९४५मध्ये, युद्ध संपायला महिना उरला असताना, डाखाऊच्या छावणीत मारण्यात आलं.

१९८९ला पुन्हा घोळ, आणि तोही १९१८च्याच जातीचा. जे अजून व्हायचं होतं ते झाल्याचं सांगून टाकलं. पूर्व जर्मनीच्या सत्ताधारी पक्षाचे प्रवक्ते ग्युंटर शाबोव्स्की संध्याकाळी पत्रकार परिषदेत बसले होते. परदेशप्रवासाचे नवे नियम सांगणारा कागद पक्षाचे सरचिटणीस एगॉन क्रेंझ यांनी ऐन वेळी त्यांच्या हाती दिला होता. नियमांवर चर्चा झाली तेव्हा ते हजर नव्हते आणि कागदही नीट वाचलेला नव्हता. हे केव्हापासून लागू, असं एका पत्रकाराने विचारलं. शाबोव्स्कींनी कागद चाळले आणि आपल्या माहितीप्रमाणे लगेच, ताबडतोब, असं सांगून मोकळे झाले. खरी बातमी १० तारखेच्या पहाटे चारला सुटायची होती. लोकांनी रीतसर अर्ज करावेत, व्हिसाचा शिक्का घ्यावा, असा बेत होता. कागद वाचला असता तर ही घटना १० नोव्हेंबरच्या खात्यावर गेली असती, आणि बहुधा कचेऱ्यांपुढच्या रांगांच्या रूपात.

रात्री पश्चिम जर्मन टीव्हीने भिंतीची दारं सताड उघडी असल्याचं सांगितलं. तोवर तसं झालं नव्हतं, पण ऐकून आणखी लोक निघाले. बोर्नहोल्मर रस्त्यावरच्या नाक्यावर हाराल्ड येगर हा अधिकारी वरिष्ठांना फोन करून थकला. साडेअकराच्या सुमारास त्याने स्वतःच्या जबाबदारीवर अडसर काढायला सांगितला.

मग १९९०मध्ये प्रश्न आला, एकीकरणाचा राष्ट्रीय दिवस कुठला? तारीख जपून निवडणं आपल्यालाही ठाऊक आहे. संविधान २६ नोव्हेंबर १९४९ला स्वीकारलं, पण १९३०च्या पूर्ण स्वराज्य दिनाशी जोडण्यासाठी प्रजासत्ताकाला २६ जानेवारीपर्यंत थांबवलं. जर्मनांनी उलट केलं. ज्या दिवशी प्रार्थनास्थळं जळाली त्या दिवशी फटाके कसे उडवायचे? शिवाय ७ ऑक्टोबरला पूर्व जर्मनीचा ४१वा स्थापनादिन येत होता, तो उजाडण्याआधी ते राज्य संपायला हवं होतं. एकीकरणाची माहिती जिथे आधी द्यायची होती ती युरोपीय सुरक्षा परिषदेच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक २ ऑक्टोबरला आटोपत होती. उरली ३ ऑक्टोबर. पूर्व जर्मन संसदेने २३ ऑगस्टच्या पहाटे २९४ विरुद्ध ६२ मतांनी ती मान्य केली. इतकी हिशेबी तारीख लोकांच्या काळजात कशी बसणार, असं म्हणत ९ नोव्हेंबरलाच मान द्यावा अशी मागणी तिथे अधूनमधून होते. पण २००४मध्ये सरकारने ३ ऑक्टोबरची सुट्टी ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी न्यायचं ठरवलं, म्हणजे कामाचा एक दिवस वाढेल, तेव्हा राष्ट्राध्यक्ष होर्स्ट क्योलर यांच्यासह अनेकांकडून इतका विरोध झाला की प्रस्ताव काही दिवसांतच गुंडाळावा लागला.