हरवलेली कवळी : वृद्ध आईवडिलांसाठी नवी करावी की नाही?

वृद्ध आई किंवा वडील रुग्णालयातून घरी परततात. पिशवीत औषधे असतात, चष्मा असतो, तपासणीचे अहवाल असतात. कवळी मात्र नसते. शस्त्रक्रियेपूर्वी ती काढून कागदात गुंडाळून ठेवली जाते आणि जेवणाच्या ताटाबरोबर किंवा चादरींबरोबर नकळत निघून जाते. प्रवासात, तसेच स्मृतिभ्रंशाच्या आजारातही कवळी हरवण्याचे प्रकार घडतात. अशा वेळी कुटुंबापुढे उभा राहणारा प्रश्न केवळ खर्चाचा नसतो. ऐंशी-पंच्याऐंशीच्या वयात केलेली नवी कवळी तोंडात राहील की डबीत, हा खरा प्रश्न असतो.

आधी शोध, मग निर्णय

कवळी दिसेनाशी झाली की प्रथम ती गिळली गेली नाही ना, याची खात्री करून घेणे आवश्यक आहे. एक-दोन दातांची लहान कवळी असल्यास ही शक्यता अधिक असते. गिळताना वेदना, सतत लाळ गळणे, खोकला, आवाज बसणे, श्वास घेण्यास त्रास किंवा अचानक अन्न नाकारणे ही लक्षणे आढळल्यास रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे. ॲक्रिलिकची कवळी क्ष-किरण चित्रात बहुधा स्पष्ट दिसत नाही. त्यामुळे चित्रात काही दिसले नाही, एवढ्यावर समाधान मानू नये. कवळी हरवल्याचे डॉक्टरांना स्पष्टपणे सांगावे.

ही शंका नसल्यास उशीचे अभ्रे, खिशातले रुमाल, कचऱ्याची टोपली आणि कपाटातील जुन्या डब्या तपासाव्यात. पूर्वी वापरून बाजूला ठेवलेली कवळी सापडल्यास ती टाकून देऊ नये. ती सैल झाली असली तरी आतून अस्तर भरून वापरता येण्याजोगी करता येते किंवा तिच्या आकारावरून नवी घडवता येते.

नवी कवळी परकी का वाटते?

दात गेल्यानंतर जबड्याचे हाड वर्षानुवर्षे झिजत राहते आणि ही झीज खालच्या जबड्यात अधिक असते. वरची कवळी टाळूवर पसरलेली असल्याने लाळेच्या पातळ थरामुळे धरून राहते. खालची कवळी मात्र घोड्याच्या नालेसारखी असते आणि जिभेच्या हालचालीबरोबर उचलली जाते. वीस वर्षांची जुनी कवळी नीट बसत नसली तरी माणूस ती चालवून घेतो, कारण जीभ, गाल आणि ओठ यांना ती सांभाळण्याची सवय जडलेली असते. नव्या कवळीसाठी ही सवय पुन्हा लावून घ्यावी लागते. स्मृतिभ्रंशात नेमकी नवे शिकण्याची शक्तीच क्षीण होते. म्हणूनच उत्तम मापाची कवळीही काही वृद्ध वारंवार काढून टाकतात.

निर्णय कशावर घ्यावा?

हरवलेली कवळी ती व्यक्ती खरोखर वापरत होती काय, हा पहिला निकष होय. रोज कवळी लावून भाकरी खाणाऱ्या, गप्पा मारणाऱ्या आणि मंदिरात किंवा कट्ट्यावर जाणाऱ्या व्यक्तीसाठी नवी कवळी निश्चितच विचारात घ्यावी. तिच्याविना उच्चार अस्पष्ट होतात आणि अनेक वृद्ध संकोचाने लोकांत मिसळणे टाळतात. केवळ समारंभापुरती कवळी लावणाऱ्याची गोष्ट वेगळी.

दुसरा निकष सहनशक्तीचा. संपूर्ण कवळीसाठी मापे घेणे, चावा जुळवणे, मेणावर दात लावून पाहणे आणि नंतर दुरुस्त्या करणे यासाठी साधारण चार ते पाच भेटी लागतात. खुर्चीत बसून सूचनांप्रमाणे तोंड उघडणे-मिटणे जमत असेल, तर वाट मोकळी असते. अशा वेळी निर्णय लांबवू नये. तोंडाची सवय मोडल्यावर नवी कवळी जुळवून घेणे अधिक कठीण जाते.

मधला मार्गही असतो. दोन्ही कवळ्या पेलणार नसतील, तर दंतवैद्याच्या सल्ल्याने केवळ वरची कवळी करता येते. तिने चेहऱ्याची ठेवण आणि उच्चार बऱ्याच अंशी सावरतात. खालच्या जबड्यात दोन रोपणे बसवून त्यांवर कवळी अडकवण्याचा उपाय परिणामकारक असला, तरी त्यासाठी लहान शस्त्रक्रिया, अधिक खर्च आणि रोजची स्वच्छता आवश्यक असते. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून औषधे चालू असल्यास ती आधीच सांगावीत.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा निकष म्हणजे त्या व्यक्तीची स्वतःची इच्छा. ‘लोक काय म्हणतील’ या विचाराने मुलांनी घेतलेला निर्णय बहुधा डबीत पडून राहतो. आईला किंवा वडिलांना शांतपणे विचारावे आणि नकार मिळाल्यास त्याचा मान राखावा.

कवळी न करणे म्हणजे उपेक्षा नव्हे

दातांविना जेवण शक्य असते. मात्र ते विचारपूर्वक द्यावे लागते. केवळ पेज आणि चहात बुडवलेली बिस्किटे यांवर दिवस काढल्यास प्रथिने कमी पडून अशक्तपणा येतो. मऊ खिचडी, आमटीत कुस्करलेली पोळी, मेतकूट-भात, दही, उकडून कुस्करलेले अंडे, पपई आणि केळे असा आहार ठेवावा. दरमहा वजन पाहावे. ते घटत असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. कवळी नसली तरी हिरड्या आणि जीभ ओल्या मऊ कापडाने पुसाव्यात. तोंडातील व्रण दोन आठवड्यांत बरा न झाल्यास तपासणी करून घ्यावी. तंबाखूचे व्यसन असलेल्यांनी तर विशेष दक्षता बाळगावी.

खर्चाची चिंता असल्यास शासकीय दंत महाविद्यालयांत चौकशी करता येते. केंद्र सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत, साठ वर्षांवरील अल्प उत्पन्न गटातील पात्र नागरिकांना दिल्या जाणाऱ्या साधनांमध्ये काठी, श्रवणयंत्र आणि चष्म्याबरोबर कवळीचाही समावेश आहे.

नवी कवळी करायची ठरल्यास तयार होत असतानाच तिच्यावर नाव कोरून किंवा आत बसवून घ्यावे. रात्री ती काढून साध्या पाण्यात, झाकणाच्या डबीत ठेवावी. गरम पाण्याने तिचा आकार बिघडतो. रुग्णालयात दाखल होताना नावाची तीच डबी सोबत द्यावी आणि घरी परतताना औषधांच्या आधी ती मोजून घ्यावी.