शब्द विसरले, गाणे थांबले नाही

भजनाच्या ऐन रंगात बुवांना अभंगाचा पुढला चरण आठवेनासा झाला म्हणजे काय होते, हे आपण पाहिलेच असेल. टाळकरी एकमेकांकडे पाहू लागतात, आणि बुवा पेटीवाल्याकडे! नेमका हाच प्रसंग १९६० साली बर्लिन शहरात एला फिट्झगेराल्ड या अमेरिकन गायिकेवर हजारो श्रोत्यांसमोर आला. ‘मॅक द नाइफ’ या गाण्याची पुढची कडवी बाईंना आठवेनात. पण त्यांनी ठेका सोडला नाही. आयत्या वेळी शब्द जुळवले, आपण विसरलो हेही सुरातच सांगून टाकले, वर लुई आर्मस्ट्राँग या गवयाची नक्कल करून दाखवली. त्या मैफलीची ध्वनिमुद्रिका निघाली आणि त्याच गाण्याला ग्रॅमी हे मानाचे पारितोषिक मिळाले.

आता तुम्ही विचाराल, हे बळ आले कोठून?

एलाचा जन्म १९१७ चा, व्हर्जिनिया राज्यातला. वाढली ती न्यूयॉर्कजवळ. १९३२ साली आई वारली आणि पोर उघडी पडली. शाळा सुटली. आधी अनाथगृह, मग मुलींची सुधारशाळा. तेथूनही ती पळाली आणि रस्त्यावर आली. १९३४ च्या नोव्हेंबरात हार्लेममधील अपोलो नाट्यगृहात हौशी कलावंतांची स्पर्धा होती. सतरा वर्षांची एला तेथे आली होती नाचायला. पण तिच्या आधी दोघी बहिणी असा काही नाच करून गेल्या, की हिचे पाय लटपटले. आता करायचे काय? ती गायली, आणि पहिले बक्षीस घेऊन गेली!

पुढल्याच वर्षी चिक वेब या ढोलवादकाने तिला आपल्या वाद्यवृंदात घेतले. १९३८ साली हरवलेल्या टोपलीचे एक बडबडगीत तिने नव्या ढंगात गायले आणि ते अमेरिकाभर गाजले.

जॅझ हे अमेरिकेतील काळ्या लोकांमधून वर आलेले संगीत. चाल ठरलेली, पण गाता-वाजवताना प्रत्येकाने आपली भर घालायची. त्यात ‘स्कॅट’ नावाचा प्रकार आहे. आपल्या तराण्यासारखी त्यात अर्थहीन अक्षरे असतात. मात्र ती ऐन वेळी सुचवावी लागतात. यात बाईंचा गळा तुतारीशी पैजा घेई.

आणि शब्द? १९५६ ते १९६४ या काळात त्यांनी कोल पोर्टर, ड्यूक एलिंग्टन आदी रचनाकारांची गाणी ‘साँग बुक’ या मालिकेत ध्वनिमुद्रित केली. त्यांतला शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू येतो. इंग्रजी शिकवणाऱ्या गुरुजींनी ती जरूर ऐकावीत.

१९९६ साली बाई वारल्या. ध्वनिमुद्रिका मागे राहिल्या.

गुरुजी, उद्या वर्गात एखादे पोर कवितेची ओळ विसरले, तर लगेच ‘खाली बस’ म्हणू नका. क्षणभर थांबा. पुढे ते काय करते, ते तरी पाहा!