नोकरीच्या अर्जातला एक रकाना

चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याच्या पंचक्रोशीत नोकरी शोधणाऱ्या तरुणाची यादी साधारण ठरलेली असते. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स) कोळसा खाणी, वीज केंद्रं, घुग्घुसकडचे सिमेंट कारखाने, भद्रावतीची आयुध निर्माणी, बल्लारपूरची कागद गिरणी. जोडीला पोलीस भरती, तलाठी भरती, बँकेच्या परीक्षा. यातल्या बऱ्याच अर्जांत एक रकाना असतो : आपण दिव्यांग आहात का? कुठे शब्द वेगळे : काही दीर्घ आजार आहे का? कुबड्या घेऊन येणाऱ्याचं उत्तर दारातच देऊन झालेलं असतं. ज्याचं अपंगत्व दिसत नाही, त्याचा पेन मात्र तिथे अडतो. खरं लिहावं, तर मुलाखतीचं बोलावणं येईल का? लिहू नये, तर उद्या कळल्यावर काय?

चंद्रपूर-गडचिरोलीत हा प्रश्न फार टोकदार होतो तो सिकलसेलमुळे. या भागातल्या आदिवासी आणि दलित वस्त्यांत हा आनुवंशिक रक्तविकार मोठ्या प्रमाणात आढळतो. गावोगावच्या तपासण्यांमुळे ‘एएस पॅटर्न’, ‘एसएस पॅटर्न’ हे शब्द घराघरांत पोचले आहेत. एएस म्हणजे वाहक. तो एरवी ठणठणीत असतो. एसएस म्हणजे प्रत्यक्ष रुग्ण. त्याच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं-सांधे असह्य दुखू लागतात. थंडी, अतिश्रम, शरीरातलं पाणी कमी होणं ही दुखणं उसळण्याची नेहमीची निमित्तं. बाकीचे दिवस हाच माणूस चारचौघांसारखा काम करतो. मग अर्जात काय लिहायचं?

कायद्याने सिकलसेलला अपंगत्व मानलं आहे. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ते २१ केले आणि त्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया व सिकलसेल आले. पण इथेच एक मेख आहे. सरकारी नोकऱ्यांतलं दिव्यांगांचं ४ टक्के आरक्षण कलम ३४ने दिलं आहे. ते अंध व अल्पदृष्टी, कर्णबधिर, चलनवलनाचं अपंगत्व, स्वमग्नता, बौद्धिक अपंगत्व, अध्ययन अक्षमता आणि मानसिक आजार, तसंच यांतली एकाहून अधिक अपंगत्वं, एवढ्यांपुरतं आहे. रक्तविकार त्या यादीत नाहीत. उच्च शिक्षणातल्या ५ टक्के राखीव जागांवर ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचा दाखला असलेल्या सिकलसेलग्रस्त विद्यार्थ्याचा हक्क असतो. पदवी घेऊन तो नोकरीच्या रांगेत उभा राहिला की तोच दाखला कोट्यासाठी उपयोगी पडत नाही. त्याने आजार सांगितला तर आरक्षण मिळत नाही, संशय तेवढा पदरी पडतो. अशा मुलाने रकाना कोरा ठेवला, तर त्याला अप्रामाणिक म्हणण्याआधी हे गणित समजून घ्यायला हवं.

ज्यांना आरक्षण लागू आहे त्यांच्यासाठी सरकारी अर्जापुरतं उत्तर सरळ आहे. राखीव जागा, लेखनिक, परीक्षेत ताशी किमान २० मिनिटांचा वाढीव वेळ यांतलं काहीही हवं असेल, तर अर्जातच तसं नोंदवावं लागतं. अपंगत्वाचा दाखला, यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्र) कार्ड आधीच काढून ठेवावं, कारण वैद्यकीय मंडळापुढे जाऊन टक्केवारी ठरवून घेण्यात वेळ जातो. खोटा दावा करून सवलत लाटणाऱ्याला कलम ९१नुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

मात्र सगळं नियमाने सांगूनही दार उघडेलच असं नाही. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी लहानपणीच गेली. २०१६मध्ये त्या केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा ७७३व्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या. रेल्वेच्या लेखा सेवेत त्यांची निवड झाली आणि पूर्ण अंधत्वाचं कारण देऊन त्यांना तिथे घेतलं गेलं नाही. पुढच्या प्रयत्नात १२४वा क्रमांक मिळवून त्या भारतीय प्रशासकीय सेवेत गेल्या आणि २०१९मध्ये तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी झाल्या. जिला हिशेबाची खुर्ची झेपणार नाही असं ठरवलं गेलं, तिने पुढे महसुलाचा कारभार पाहिला. डोळे दोन्ही वेळी तेच होते. बदलली ती समोरच्या खात्याची समजूत.

न्यायालयांनी या बाबतीत एक कसोटी बरीच आधी घालून दिली आहे. १९९७मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे एका हंगामी कामगाराचा खटला आला. वैद्यकीय तपासणीत एचआयव्हीचा संसर्ग आढळला म्हणून एका सार्वजनिक उपक्रमाने त्याला काम नाकारलं होतं. माणूस काम करायला समर्थ असेल आणि त्याच्यापासून इतरांना धोका नसेल, तर केवळ संसर्ग आहे म्हणून त्याला नाकारता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. त्याचं नाव उघड होऊ नये म्हणून खटला ‘एमएक्स विरुद्ध झेडवाय’ अशा अक्षरांनी चालला. २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रंगांधळेपणामुळे डावललेल्या तमिळनाडूच्या वीज कंपनीतल्या सहायक अभियंत्याच्या बाजूने निकाल दिला. रंगांधळेपणा त्या २१ प्रकारांत बसत नाही. तरी त्याला झेपेल असं काम देता येतं का, हे कंपनीने पाहायलाच हवं होतं.

वरोऱ्याला हा विचार नवा नाही. बाबा आमटे यांनी १९४९मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि १९५१मध्ये आनंदवन उभं राहू लागलं. कुष्ठरोगाने बोटं झडलेल्या माणसाला काही लपवायची सोयच नव्हती. आनंदवनाने आजाराची चर्चा बाजूला ठेवून काम पुढे केलं : शेती, दूध, हातमाग, छपाई, पत्र्याचे डबे. हाताला बोटं नसतील तर अवजार आणि कामाची पद्धत बदलायची. तिथल्या संधिनिकेतनात अपंग मुलांना व्यवसाय शिकवले गेले. खुद्द बाबांना पाठीच्या कण्याच्या आजारामुळे बसता येत नसे. उभं राहायचं किंवा आडवं व्हायचं. १९८५मध्ये ‘भारत जोडो’साठी कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले ते बसमध्ये आडवं पडण्याची सोय करूनच. ‘तुम्हाला बसता येतं का?’ एवढ्याच प्रश्नावर त्यांची निवड अडली असती, तर ती यात्राच निघाली नसती.

खासगी नोकरीत सांगण्याची वेळ उमेदवाराने विचारपूर्वक निवडावी. कामावर परिणाम होत नसेल, तर बायोडेटात आजाराचं नाव लिहिण्याची गरज नाही. मुलाखतीतच सोय लागणार असेल, तर बोलावणं आल्यावर तेवढंच कळवावं : जिना चढता येत नाही, तळमजल्यावर मुलाखत घ्यावी. बाकीचं नेमणुकीचं पत्र हाती आल्यावर बोलता येतं. तेव्हाही आजाराचा इतिहास सांगत बसू नये, कामाची भाषा बोलावी : महिन्यातून एकदा तपासणीला जावं लागतं, त्या दिवशी पाळी बदलून हवी, सूचना फोनवर देण्याऐवजी मेसेजवर द्या. असं मागणं लेखी द्यावं आणि प्रत जवळ ठेवावी. दोन गोष्टींत मात्र तडजोड नको. स्वतःच्या किंवा सोबत्यांच्या जिवाशी गाठ असेल, जसं खाणीत किंवा अवजड गाडीवर, तिथे आधीच सांगायला हवं. आणि छापील अर्जात थेट विचारलं असेल, तर ‘नाही’ असं खोटं लिहू नये. तेच पुढे नोकरीवरून काढायला निमित्त होतं.

अमेरिकेत १९९०च्या कायद्यानुसार नोकरी देऊ करण्याआधी मालकाला अपंगत्वाविषयी विचारता येत नाही. ब्रिटनमध्येही २०१०पासून या टप्प्यावर आरोग्याच्या चौकशीवर मोठी बंधनं आहेत. आपल्या २०१६च्या कायद्यात अशी थेट बंदी नाही, ती यायला हवी. तोवर जे आहे ते तरी वापरलं जावं. २० किंवा अधिक माणसं कामावर असलेल्या प्रत्येक खासगी आस्थापनेने समान संधी धोरण तयार करून संकेतस्थळावर किंवा ठळक जागी लावणं आणि दिव्यांगांसाठी संपर्क अधिकारी नेमणं बंधनकारक आहे. तक्रार पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे करता येते. वरोरा-भद्रावतीच्या कारखान्यांनी या धोरणाचा कागद फाटकाशी लावला आणि अर्जातला प्रश्न बदलून ‘काम करण्यासाठी आपल्याला कोणती सोय लागेल?’ असा केला, तर एसएस पॅटर्नच्या मुलालाही तिथे खरं उत्तर लिहिता येईल.