खेळून पोट भरतं का?



मुरबाड-शहापूरकडच्या बचत गटांच्या बैठकीला आम्ही जातो, तेव्हा एक प्रश्न हमखास निघतो. "पोरगी शाळेत छान खेळते हो, पण खेळून पोट भरतं का?" प्रश्न खरा आहे. सरावाला कल्याण-डोंबिवलीला किंवा ठाण्याला यायचं तर भाडं लागतं, बूट लागतात आणि घरी परतायला रात्र होते.

म्हणून आज दोघींची गोष्ट सांगतो. दोघींची नावं 'हॉल ऑफ फेम'मध्ये आहेत. हॉल ऑफ फेम म्हणजे त्या त्या खेळातल्या थोरांची कायमची मानाची यादी. एका सामन्यासाठी नाही, सगळ्या कारकिर्दीसाठी तिथे नाव लागतं.

पहिली, अमेरिकेची लुसिया हॅरिस. मिसिसिपी राज्यातल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्याची मुलगी, अकरा भावंडांतली दहावी. उंची सहा फूट तीन इंच, त्यावरून शाळेत चिडवायचे. त्याच उंचीच्या बळावर तिनं बास्केटबॉल गाजवला. तिच्या डेल्टा स्टेट कॉलेजच्या संघानं १९७५ ते १९७७ सलग तीन वर्षं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. १९७६ साली ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचा बास्केटबॉल पहिल्यांदाच आला, त्यातले पहिले गुण लुसियाचे!

पण कॉलेज संपलं तेव्हा तिच्या देशात स्त्रियांची व्यावसायिक लीगच नव्हती. पुरुषांच्या एका संघानं तिची निवड केली, पण ती गरोदर होती, गेली नाही. पुढे एका नव्या संघाकडून थोडे दिवस खेळली, मग शिक्षिका आणि प्रशिक्षक झाली. १९९२ मध्ये मान मिळाला, पण ऐन बाविशीतच तिचा खेळ जवळजवळ थांबला होता.

दुसरी आपल्या मुंबईची, डायना एडल्जी. रेल्वे कॉलनीत वाढलेली. आधी बास्केटबॉल आणि टेबल टेनिस खेळायची, मग क्रिकेटकडे वळली. १९७६ पासून १९९३ पर्यंत ती भारताकडून ५४ सामने खेळली, १०९ बळी घेतले, कर्णधारही झाली. त्या काळात महिला क्रिकेटमध्ये पैसा नव्हता, मुली रेल्वेच्या साध्या डब्यातून सामन्यांना जायच्या. तरी तिचा खेळ सतरा वर्षं टिकला. तिच्या पाठीशी रेल्वेची नोकरी होती. महिन्याचा पगार येत असला की घरचेही लवकर "बस झालं आता" म्हणत नाहीत. इतर मुलींनाही रेल्वेत नोकऱ्या मिळाव्यात म्हणून एडल्जी झटल्या. २०२३ मध्ये आयसीसीच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांचं नाव लागलं. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला.

पंजाबातल्या मोगाच्या हरमनप्रीत कौरला पश्चिम रेल्वेत नोकरी मिळाली, त्यामागेही एडल्जींचा पाठपुरावा होता. त्याच हरमनप्रीतनं २ नोव्हेंबर २०२५ ला आपल्याच जिल्ह्यात, नेरुळच्या डी. वाय. पाटील मैदानावर, विश्वचषक उचलला.

दोघींच्या अंगात गुण होते. फरक पडला तो खेळाला जोडून मिळालेल्या नोकरीचा.

मग आपण काय करायचं? मुलीच्या प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवा. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, रेल्वेतही खेळाडूंची वेगळी भरती होते. पात्रतेचे नियम पदागणिक वेगळे असतात आणि प्रमाणपत्रांची पडताळणी करून घ्यावी लागते. त्यासाठी शाळेतल्या खेळाच्या सरांना किंवा बाईंना विचारा, नाहीतर ठाण्याच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जा. एकटीनं जायला संकोच वाटला तर गटातल्या दोघी-तिघी मिळून जा. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण असतात, तेही विचारून या.

आणि मुलगी सरावाहून उशिरा परतली, तर आधी तिला जेवायला वाढा. बोलायचं ते मग बोला.