टोपणाचे कोपरे कोरडे राहिले तर?

घाटकोपर असो, मुलुंड असो की बोरिवली. पीसी असेंबल करून देणाऱ्या दुकानात जुना कूलर उतरवताना जरा जवळ जाऊन बघा. स्क्रू सैल होतात, कूलर किंचित पिळून वर उचलला जातो आणि प्रोसेसरच्या चौकोनी टोपणावर राखाडी पेस्टचा गोल ठसा उरतो. चारही कोपरे कोरडे! इंटेलच्या खोक्यात प्रोसेसरसोबत येणाऱ्या बऱ्याच कूलरचा तळ असाच गोल असतो. मग कोपऱ्यांचं काय?

कोपऱ्यांखाली बहुधा काहीच नसतं. आपल्याला दिसतं ते निकेलचा मुलामा दिलेलं तांब्याचं टोपण. खरी चिप म्हणजे त्याच्या पोटातला सिलिकॉनचा तुकडा. एएमडीच्या 2022 मधल्या रायझन 7000 मालिकेत आठ कोअरचा तुकडा जेमतेम 70 चौरस मिलिमीटरचा आहे. पूर्ण जोरात चालताना एवढ्याशा जागेतून 100 वॅटच्या आसपास उष्णता बाहेर पडू शकते. घरातली 1000 वॅटची इस्त्री घ्या. तिचा तळ साधारण 200 चौरस सेंटिमीटर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला 5 वॅट. या तुकड्याचा हिशेब 140 वॅटवर जातो. इस्त्रीच्या पंचवीसपटीहून जास्त, आणि तेही टेबलाखालच्या कॅबिनेटमध्ये!

ही उष्णता तांब्यात शिरली की वर जाता जाता बाजूलाही पसरते, पण ढोबळमानाने टोपणाच्या जाडीइतकीच, म्हणजे काही मिलिमीटर. लांबच्या कोपऱ्यापर्यंत तिचा थोडाच वाटा पोचतो. म्हणून कोपरा उघडा राहिला तरी फारसं बिघडत नाही. तुकड्याच्या डोक्यावर मात्र फट राहून चालत नाही. तांबं हवेपेक्षा हजारो पटींनी चांगलं उष्णतावाहक. पेस्ट त्या मानाने सुमारच, पण हवेपेक्षा शेकडो पटींनी सरस. बारीक खाचांतली हवा हुसकावणं एवढंच तिचं काम, म्हणून थर पातळच हवा.

मला सगळ्यात थक्क करते ती पुढची गोष्ट. रायझन 7000 मध्ये हे तापणारे तुकडे टोपणाच्या मधोमध नाहीतच, एका कडेला सरकलेले आहेत. हे ओळखून नॉक्टुआ या ऑस्ट्रियन कंपनीने कूलर 7 मिलिमीटर बाजूला बसवणाऱ्या पट्ट्या काढल्या. कूलर तोच, पंखा तोच, नुसता जरा सरकवला, आणि कंपनीच्या सांगण्यानुसार तापमान 1 ते 3 अंशांनी उतरलं.

उलट उदाहरणही आहे. एएमडीच्याच 2017 च्या थ्रेडरिपर प्रोसेसरच्या भल्यामोठ्या टोपणाखाली चार तुकडे होते. त्यांतले दोनच चालू, उरलेले दोन फक्त दाब पेलण्यासाठी बसवलेले! पुढच्या वर्षी आलेल्या 2990डब्ल्यूएक्समध्ये चारही जागे झाले आणि उष्णतेचा आकडा 180 वरून 250 वॅटवर गेला. तुकडे असे दूरवर पसरलेले असले की लहान गोल तळ अपुरा पडू लागतो. इथे पूर्ण टोपण झाकणारा रुंद तळच हवा.

आपल्या उपनगरांत याला आणखी एक पदर आहे. पंख्याचा कूलर चिपला खोलीपेक्षा थंड करूच शकत नाही. खोली जितकी तापेल, साधारण तितकीच चिपही वर चढते. सांताक्रूझ वेधशाळेने 14 एप्रिल 1952 रोजी 42.2 अंश नोंदवले होते. एरवीच्या मे महिन्यातही बंद खोलीत पारा तिशीच्या वरच असतो. अशा वेळी ते 1 ते 3 अंशही मोलाचे.

तेव्हा कूलर घेताना टोपणाची लांबी-रुंदी मोजत बसू नका. आपल्या प्रोसेसरचा सिलिकॉनचा तुकडा टोपणाखाली नेमका कुठे आहे ते दुकानदाराला विचारा, आणि कूलर एकदा बसवून, काढून, पेस्टचा ठसा त्या जागेवर सलग उमटलाय का ते पाहा. तसं असेल तर जुनी पेस्ट पुसा, नवी लावा आणि कोरड्या कोपऱ्यांची काळजी सोडून द्या.