बालपादचाऱ्याचे अपघातदायित्व
(जर्मन विधी). रस्त्यावरील बालक व मोटार यांची टक्कर झाल्यास नुकसानभरपाईचे दायित्व ठरविणारे नियम. जर्मन नागरी संहितेच्या ८२८व्या कलमानुसार सात वर्षांखालील मूल कोणत्याही नुकसानीस जबाबदार नसते. मोटार-अपघातांपुरती ही मर्यादा १ ऑगस्ट २००२ पासून दहा वर्षे करण्यात आली. कारण येणाऱ्या वाहनाचा वेग व अंतर यांचा अंदाज त्या वयापूर्वी नीट येत नाही. परिणामी चेंडूमागे धावत आलेल्या नऊ वर्षांच्या मुलाकडून मोटारमालकास भरपाई मागता येत नाही. तसेच मूल जखमी झाल्यास त्याच्या हयगयीपोटी त्याच्या भरपाईत कपातही होत नाही. हेतुपुरस्सर कृत्यास, उदा., पुलावरून मोटारीवर दगड टाकण्यास, हे संरक्षण नाही. रीतसर उभ्या केलेल्या मोटारीवर मूल आदळल्यासही ते सामान्यतः मिळत नाही. कारण धावत्या वाहतुकीचा धोका तेथे नसतो, असे संघीय न्यायालयाने २००४ मध्ये ठरविले. मातापित्यांचे दायित्व देखरेखीपुरतेच असते व ती पुरेशी होती, हे त्यांना सिद्ध करावे लागते. बांधकामांच्या कुंपणांवर ‘मुलांबद्दल आईवडील जबाबदार’ असे फलक सर्रास आढळतात. त्यांतील सरसकट विधानास कायद्याचा आधार नाही.