मूळव्याधच असेल कशावरून?

मैत्रिणींनो, शौचाला रक्त दिसलं की 'मूळव्याध असेल' म्हणून आपण गप्प बसतो. पण मोठ्या आतड्याचा कर्करोग एका रात्रीत होत नाही. आधी अस्तरावर वाटाण्याएवढी गाठ येते. सगळ्याच गाठी बिघडत नाहीत. बिघडलीच तर बहुधा दहा-एक वर्षं जातात. १९९४ साली अमेरिकेतील संशोधकांना अशा काही गाठींत आणि बहुतेक कर्करोगांत 'कॉक्स-२' हे विकर, म्हणजे एन्झाइम, वाढलेले आढळले. एरवी सूज आणणारे हे विकर इथे पेशींच्या वाढीला खतपाणी घालते. अ‍ॅस्पिरिन त्याला आवर घालते खरे, पण ती गोळी मनाने घेऊ नका. पोटात रक्तस्राव होऊ शकतो. गाठ वेळीच सापडली तर दुर्बिणीतूनच काढता येते. तेव्हा संकोच सोडा, डॉक्टरांना दाखवा!